डाळ मिलचा प्रश्न आणि विद्यापीठाचे दार

(धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



पौष-माघात धामणगाव बढेच्या शिवारातील तूर खळ्यावर येते. पोत्यांत भरून ती मोताळ्याच्या, मलकापूरच्या बाजारात जाते आणि तेथून बव्हंशी अकोल्याच्या किंवा जळगावच्या डाळ मिलमध्ये. काही आठवड्यांनी तीच तूर पिवळीधमक डाळ होऊन याच गावातील किराणा दुकानात परत येते. जाताना शेतकऱ्याने एक भाव घेतलेला असतो. येताना त्याच्याच घरातील गृहिणी दुसरा भाव मोजते. या दोन भावांच्या अंतरात हमाली आहे, अडत आहे, वाहतूक आहे, व्याज आणि नफाही आहे. परंतु त्यात आणखी एक वस्तू दडलेली आहे, जिची नोंद कोणत्याही पावतीवर होत नाही. ती म्हणजे ज्ञान. टरफल काढताना दाणा फुटू न देण्याचे ज्ञान ज्याच्याजवळ आहे, त्याच्याजवळ हा फरक थांबतो.

हे ज्ञान निर्माण कोणी करायचे? छोट्या कारखानदाराजवळ प्रयोगशाळा नाही, आणि विद्यापीठाजवळ हंगामभर धडधडणारा कारखाना नाही. दोघांजवळ अर्धे-अर्धे आहे. हे दोन अर्धे एकत्र कसे येतात आणि बहुतेक वेळा का येत नाहीत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

प्रथम तुरीकडेच पाहू. कडधान्यांत तूर ही भरडण्यास अत्यंत हट्टी. हरभऱ्याचे टरफल त्या मानाने सहज सुटते. तुरीचे टरफल आणि आतील डाळिंब्या यांच्यामध्ये डिंकासारखा एक चिकट थर असतो, तो सुटता सुटत नाही. आपल्या आजी-पणजींना हे ठाऊक होते. त्या तूर भिजवत, तिला लाल माती लावत, उन्हात वाळवत आणि मग जात्यावर भरडत. मिलमध्ये याच क्रियेचे यांत्रिक रूप दिसते. खरखरीत एमरी रोलरवर दाण्याला प्रथम ओरखडे पाडायचे, मग तेल लावायचे, मुरू द्यायचे, पाण्याचा हात फिरवायचा, वाळवायचे आणि पुन्हा रोलरमध्ये घालायचे. दाण्याच्या वजनात टरफलाचा वाटा साधारण 12 ते 15 टक्के धरला, तर शंभर किलो तुरीतून पंच्याऐंशी किलोच्या आसपास डाळ मिळायला हवी. सर्वसाधारण गिरणीत हाती येते ती 70 ते 75 किलो. उरलेली कोठे गेली? ती चुरीत, भुशात आणि पिठात गेली. म्हणजे गुरांच्या दावणीला गेली. गुरांनी पौष्टिक खाऊ नये असे कोणी म्हणणार नाही, पण डाळीच्या भावाने विकता येणारा माल चुरीच्या भावाने जाणे हे लहान मिलवाल्याला परवडणारे नाही.

हिशेब सोपा आहे. दिवसाला 10 क्विंटल तूर भरडणाऱ्या लहान मिलमध्ये डाळीचा उतारा केवळ 2 टक्क्यांनी वाढला, तर रोज 20 किलो आणि शंभर दिवसांच्या हंगामात 20 क्विंटल डाळ अधिक मिळते. ना नवे शेड, ना अधिक वीज, ना अधिक तूर. हे 2 टक्के संशोधनाच्या हाती असतात.

अकोल्याचे उदाहरण

या प्रश्नाला भिडलेली संस्था आपल्यापासून दूर नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झाले. ते सहजासहजी मिळालेले नाही. 1967 च्या आंदोलनात या मागणीसाठी विदर्भातील माणसांनी प्राण वेचले आहेत. प्रारंभी त्याचे नाव पंजाबराव कृषी विद्यापीठ असे होते, म्हणून शेतकऱ्यांच्या तोंडी ते ‘पीकेव्ही’ झाले आणि पुढे नावाचा विस्तार होऊनही पीकेव्हीच राहिले. तेथील काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या अभियंत्यांनी तयार केलेले यंत्र म्हणजे ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’. तूर, मूग, उडीद, हरभरा ही कडधान्ये खेड्याच्या प्रमाणावर भरडता यावीत, हा त्यामागील हेतू. विदर्भातील कित्येक बचतगटांनी आणि तरुणांनी या यंत्रावर आपला व्यवसाय उभा केला आहे.

या यंत्राच्या कहाणीतील लक्षात घेण्याजोगा भाग आराखड्यानंतरचा आहे. विद्यापीठ यंत्राचा आराखडा करू शकते, एक-दोन नमुने घडवू शकते. पण शेकडो यंत्रे बनवणे, ती विकणे, नादुरुस्त झाली की पाना घेऊन गावी जाणे, हे विद्यापीठाचे काम नव्हे. त्यासाठी करार करून उत्पादन खाजगी कारखानदारांकडे सोपवावे लागले. वेल्डिंग मशीन आणि लेथ असलेला असा कारखानदार या साखळीत आला की संशोधनाचा दुसरा अध्याय सुरू होतो. प्रयोगशाळेत चोख चाललेल्या यंत्राचा पट्टा खेड्यातील कमी-अधिक होणाऱ्या विजेवर घसरतो. एका गावची तूर बारीक, दुसऱ्या गावची टपोरी. एकच रोलर दोन्हींना सारखा चालत नाही. ग्राहकाची ही तक्रार प्रथम कारखानदाराच्या कानी येते. ती त्याने गिळून टाकली, तर यंत्र तेथेच थांबले. ती त्याने विद्यापीठापर्यंत नेली आणि तेथे कोणी ती वहीत उतरवून घेतली, तर मात्र सहकार्य सुरू झाले असे म्हणावे.

विदर्भात सहकार्याची आणखी एक सुंदर खूण आहे, फार थोड्यांच्या ध्यानात येणारी. उडदाचे ‘टीएयू-1’ हे वाण अनेक शेतकऱ्यांनी पेरले आहे. या तीन अक्षरांचा अर्थ ट्रॉम्बे, अकोला, उडीद. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि अकोल्याच्या विद्यापीठाने मिळून हे वाण 1985 मध्ये दिले. भुईमुगाचे ‘टीएजी-24’ हेही तसेच, ट्रॉम्बे आणि अकोला यांचे अपत्य. दोन संस्थांनी एकत्र काम केले आणि नावात दोघी राहिल्या. लघुउद्योगाच्या वाट्याला असे नाव क्वचितच येते. यंत्र विद्यापीठाच्या नावाने ओळखले जाते. त्यात सुधारणा सुचवणारा मिस्त्री मात्र निनावी राहतो. ही केवळ मानापमानाची गोष्ट नाही. ज्याचे नाव कोठेच लागणार नाही, तो पुढच्या वेळी आपली कल्पना सांगायला जात नाही.

कापसाच्या क्षेत्रातही असेच घडले. खामगाव, मलकापूरकडील जिनिंगमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांना जिनचा चामड्याच्या चकत्यांचा रोलर ठाऊक असेल. ते चामडे क्रोमने कमावलेले. रोलर झिजला की क्रोमयुक्त धूळ रुईत आणि कामगाराच्या छातीत. मुंबईत माटुंगा येथे 1924 पासून कार्यरत असलेल्या, आज ‘सिरकॉट’ या नावाने परिचित असलेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने रबर आणि सुती कापडाचा क्रोमविरहित रोलर विकसित केला. येथेही कसोटी माटुंग्याला होणारी नव्हती, ती चालत्या जिनवरच होणार होती; म्हणजे कोणा जिनवाल्याने हंगामात आपली एक मशीन प्रयोगासाठी मोकळी करून देण्यावर सारे अवलंबून. कापसाच्या गाड्या दाराशी उभ्या असताना हे औदार्य सोपे नसते.

सामंजस्य करार आणि सामंजस्य

आजकाल महाविद्यालये आणि उद्योग यांच्यात सामंजस्य करार पुष्कळ होतात. शाल, श्रीफळ, छायाचित्र, वर्तमानपत्रात बातमी. मूल्यांकनाच्या वेळी करारांची संख्या मोजली जाते, म्हणून ते केलेही जातात. त्यांतील किती कागदांवर पुढे दुसरी सही पडते, हे विचारण्याची पद्धत नाही. उलट, टिकलेले सहकार्य पाहिले तर त्याचा आरंभ बहुधा एखाद्या नेमक्या प्रश्नातून आणि दोन माणसांच्या परिचयातून झालेला दिसतो. कागद नंतर येतो.

नेमका प्रश्न म्हणजे काय? समजा, मलकापूर रस्त्यावरील एक मिलवाला विद्यापीठात जाऊन म्हणाला, ‘साहेब, डाळ चांगली निघत नाही, काही तरी करा,’ तर त्याला चहा मिळेल. उत्तर मिळणार नाही. तोच जर असे म्हणाला की, ‘माघातील तुरीपेक्षा चैत्रातील तुरीत चुरी अधिक पडते, तेल तेच, रोलर तोच, माणसे तीच, वजनाच्या नोंदी या वहीत आहेत,’ तर समोरचा प्राध्यापक खुर्ची पुढे ओढून बसेल. कारण या वाक्यात ओलाव्याचा प्रश्न आहे, तापमानाचा आहे, वाणाचा आहे. एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधाइतका ऐवज त्यात आहे. मिलवाल्याला ते ठाऊक नसते. आपण अडाणी आणि ते विद्वान, या संकोचात तो वही घरीच ठेवून जातो.

प्राध्यापकाच्या बाजूनेही अडचणी आहेत, त्या समजून घेतल्या पाहिजेत. त्याची पदोन्नती शोधनिबंधांवर अवलंबून असते; कोणाच्या मिलची चुरी कमी केली याला तेथे फारसे गुण नाहीत. मिलचा हंगाम तुरीबरोबर सुरू होतो आणि विद्यापीठात त्याच सुमारास परीक्षांचे वेध लागतात. कारखानदाराला उत्तर पुढच्या सोमवारी हवे असते, संशोधकाला तीन हंगामांची आकडेवारी हवी असते. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच त्याचे दोन भाग पाडणे शहाणपणाचे: एक, याच हंगामात करून पाहण्याजोगी लहान सुधारणा, दुसरा, सावकाश चालणारा अभ्यास. पहिल्याने मिलवाल्याचा विश्वास टिकतो, दुसऱ्याने प्राध्यापकाचा निबंध होतो.

आणि मग मालकीचा प्रश्न. येथे पुष्कळ चांगली नाती तुटतात. प्राध्यापकाला निष्कर्ष लवकर प्रसिद्ध करायचे असतात, कारखानदाराला ते लपवायचे असतात. पेटंटचा कायदा असा आहे की शोध आधी छापून आला तर त्याचे नावीन्य सर्वसाधारणपणे संपते आणि पेटंट मिळत नाही. यावर मार्ग क्रमाचा आहे. प्रथम तात्पुरत्या स्वरूपाचा अर्ज दाखल करायचा. त्यानंतर पूर्ण तपशिलाचा अर्ज करण्यासाठी 12 महिने मिळतात. अर्जाची तारीख पदरात पडली की निबंध छापायला हरकत नाही. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांची. शैक्षणिक संस्थांसाठी या अर्जाचे शुल्क 2021 मध्ये 80 टक्क्यांनी कमी करण्यात आले, त्यामुळे खर्चाचे कारण आता पूर्वीइतके सबळ राहिलेले नाही. परंतु पेटंट कोणाच्या नावे, स्वामित्वधन किती, शेजारच्या मिलला तेच तंत्र द्यायचे की नाही आणि किती वर्षांनी, हे चार मुद्दे आरंभीच साध्या मराठीत लिहून ठेवावेत. यश मिळाल्यानंतर ते लिहायला बसले की भाऊबंदकी सुरू होते. शेतीच्या वाटणीचा अनुभव असलेल्या श्रोत्यांना याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

जगाची रीत

आपल्याकडील कृषी विद्यापीठांची कल्पना अमेरिकेतून आली. तेथे 1862 च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन शेतीची आणि यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. त्याच धर्तीवर आपल्याकडे पहिले कृषी विद्यापीठ 1960 मध्ये पंतनगरला झाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्यांची तीन कर्तव्ये. विस्तार म्हणजे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणे. या रचनेत शेतकऱ्याला जागा आहे; शेतकऱ्याच्या मालावर प्रक्रिया करणारा, त्याची अवजारे घडवणारा लहान कारखानदार मात्र कोठेच बसत नाही. कृषी विद्यापीठाच्या दृष्टीने तो शेतकरी नाही आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दृष्टीने तो पुरेसा मोठा उद्योग नाही. आपल्याकडे हे सहकार्य रोडावले त्याचे मोठे कारण या मधल्या पोकळीत आहे.

इतर देशांनी ही पोकळी ओळखून तिच्यासाठी खास योजना केल्या. जर्मनीत 1954 मध्ये लहान उद्योगांच्या संशोधन संघटनांचा एक महासंघ उभा राहिला. त्यातील युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे: एका धंद्यातील सर्वांना सारखाच छळणारा प्रश्न एकत्र येऊन निवडायचा, तो संशोधन संस्थेकडे सोपवायचा, उत्तर सर्वांचे, त्यानंतर स्पर्धा ज्याची त्याने करावी. ब्रिटनने 1975 मध्ये वेगळी वाट धरली. ताज्या पदवीधराला कारखान्यात नेमायचे, एका ठरलेल्या प्रश्नावर काम द्यायचे आणि मार्गदर्शन विद्यापीठातील प्राध्यापकाने करायचे. ज्ञान कागदावरून न नेता माणसाच्या पायांनी न्यायचे, असा हा प्रकार. अमेरिकेने 1992 मध्ये तर अटच घातली: लहान उद्योग आणि संशोधन संस्था यांनी संयुक्तपणे अर्ज केला तरच त्या विशिष्ट योजनेचा पैसा मिळेल, आणि त्यातही किमान 40 टक्के काम उद्योगाने व किमान 30 टक्के काम संस्थेने केले पाहिजे. म्हणजे एकाने नाव द्यायचे आणि दुसऱ्याने पैसे घ्यायचे, हा मार्ग बंद.

हे सारे परदेशातच घडते असे समजण्याचे कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी त्या पैसा फंडाला बळ दिले आणि 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो कारखाना होता आणि शाळाही होती. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभरातील काच कारखान्यांत गेले. नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेची गोष्ट तर विदर्भाचीच. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींचे मालक. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. आपली संपत्ती, त्या काळचे सुमारे 35 लाख रुपये, उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी ते नागपूर विद्यापीठाला देऊन गेले आणि त्यातून 1942 मध्ये ही संस्था उभी राहिली. 2023 मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका उद्योजकाने विद्यापीठावर टाकलेला हा विश्वास शतकाच्या उंबरठ्यावर आहे. तिकडे मुंबईत 1933 मध्ये सुरू झालेल्या, ‘यूडीसीटी’ म्हणून गाजलेल्या रसायन तंत्रज्ञान विभागातून केकी घरडा यांच्यासारखा माणूस निघाला. ते तेथे शिकले, तेथे त्यांनी शिकवलेही, आणि मग लहानशा जागेत रंगद्रव्यांचे उत्पादन सुरू करून पुढे मोठा उद्योग उभारला. कारखाना आणि वर्ग यांच्यामधील भिंत त्यांना कधी आडवी आली नाही, कारण दोन्हीकडची भाषा त्यांना येत होती.

शासनानेही काही दारे उघडली आहेत. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उद्योजकता यांसाठी विद्यापीठांत स्वतंत्र मंडळाची तरतूद केली. त्याच वर्षी ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आले, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या परिसराचे प्रश्न अभ्यासावेत या उद्देशाने. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये निघालेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. अनुदानातून यंत्र येते. यंत्र नीट का चालत नाही याचे उत्तर त्यातून येत नाही, आणि गावोगावी बंद पडलेल्या अनुदानित यंत्रांवर धूळ बसलेली दिसते ती यामुळेच.

मग धामणगाव बढेसारख्या गावाने आरंभ कोठून करावा? विद्यापीठ येथे दर वर्षी चालत येतेच. कृषी महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत राहतात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. ते बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक देतात, बोर्डो मिश्रण करून दाखवतात, सरपंचांसोबत छायाचित्र काढतात आणि परत जातात. त्यांना सांगायला गावाजवळ काही नसते, म्हणून तेच सांगत बसतात. पुढच्या खेपेला त्यांच्या हाती गावचा प्रश्न द्यावा. बुलढाण्यात आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, शेगावला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांच्यापर्यंत तो प्रश्न या मुलांच्या पायांनी जाऊ शकतो.

त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे एक वही आणि एक खात्रीचा काटा. परिसरातील चार-पाच मिनी डाळ मिलवाल्यांनी, बचतगटाच्या भगिनींनी या हंगामात प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी: तूर कोणत्या वाणाची, कोणत्या तारखेला भरडली, किती दिवस वाळवली, तेल किती लावले, डाळ किती, चुरी किती, भुसा किती. ओलावा मोजण्याचे उपकरण एखाद्या अडत्याकडे असतेच. तो आकडाही लिहावा. पाच मिल, शंभर दिवस, म्हणजे पाचशे ओळी. इतक्या ओळी चालत्या मिलमधून मिळवायच्या तर विद्यापीठाच्या संशोधकाला दोन वर्षे फिरावे लागेल. अकोल्याला दर वर्षी शिवारफेरी भरते, विदर्भभरातून शेतकरी तेथे वाणे पाहायला जातात. या वेळी धामणगावहून निघणाऱ्या गाडीत ती वही असावी, आणि काढणीपश्चात तंत्रज्ञान विभागाच्या टेबलावर ती उघडून ठेवताना तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवलेली असावी.